नऊ वर्षे मुरलेल्या मक्याची किंमत

आपल्याकडे कुठल्याही घरात 'बोर्बन' म्हटले की डोळ्यांपुढे येते ते बिस्किट. मध्ये चॉकलेटी क्रीम, वर साखरेचे कण आणि ओळीने भोके. हे बिस्किट १९१० साली लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने प्रथम बाजारात आणले आणि पुढे त्याला फ्रान्सच्या बोर्बन राजघराण्याचे नाव चिकटले. त्याच घराण्याचे नाव अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका परगण्यालाही आहे; स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने केलेल्या मदतीची ती पोच. त्या परगण्यावरून म्हणा, की न्यू ऑर्लिन्स शहरातल्या बोर्बन नावाच्या रस्त्यावरून म्हणा (अभ्यासकांचे यावर एकमत नाही), पण तिथल्या मक्याच्या व्हिस्कीलाही हेच नाव पडले. अमेरिकन माणूस त्याचा उच्चार 'बर्बन' असा करतो. बिस्किटाबद्दल कुणाचे काही म्हणणे नसते. व्हिस्कीबद्दल मात्र हल्ली बरेच विचारले जाते.

विचारणारे बहुधा आपलेच लोक असतात. आज पुण्या-मुंबईतलेच काय, सांगली-जळगावातलेही कुणी ना कुणी अमेरिकेत आहे. ते सुट्टीला घरी निघतात तेव्हा बॅगेत बदाम, चॉकलेटे आणि शेवटी कुणा काकांसाठी, सासऱ्यांसाठी एक बाटली असते. भारतीय कस्टमचा नियम दोन लिटरपर्यंत सूट देतो. म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात. प्रश्न एवढाच उरतो, की कोणत्या?

मी सिनसिनाटी शहरात राहतो. हे ओहायो राज्यातले; ओहायो नदीवरचा पूल ओलांडला की केंटकी सुरू. ओहायोत मद्याच्या बाटलीची किंमत राज्य सरकार ठरवते, त्यामुळे ती सगळ्या दुकानांत सारखी. पुलापलीकडे ती दुकानदाराच्या मर्जीवर. दुकानात शिरले की बर्बनची अख्खी भिंत समोर उभी राहते. खालच्या फळीवर पंधरा-वीस डॉलरच्या बाटल्या. सगळ्यात वर, काचेच्या कपाटात कुलूपबंद, अशा काही बाटल्या की त्यांच्या किमतीत मुंबईचे जाऊन-येऊन विमानाचे तिकीट यावे. आणि मधल्या दोन फळ्यांवर तीस ते पन्नास डॉलरचा माल.

खरा पेच या मधल्या फळ्यांचा आहे. स्वस्तात फसलो तर थोडक्यात फसतो. काचेच्या कपाटातली घेणाऱ्याला पैशाची फिकीर नसते. मधल्या किमतीची वस्तू घेणारा मात्र आपल्यासारखा मध्यमवर्गीय असतो. तो वीस डॉलर जास्त देतो आणि त्या वीस डॉलरचे काहीतरी पदरात पडावे अशी त्याची रास्त अपेक्षा असते. ते पडते का, हे ठरवायचे कसे, याचा हा हिशेब. न पिणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. लेबल वाचायची सवय मधाच्या बाटलीला, तुपाच्या डब्याला आणि आंब्याच्या पेटीलाही तितकीच उपयोगी पडते.

कायद्याने बांधलेली दारू

बर्बनची एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या फायद्याची आहे. ती कशी करायची हे अमेरिकन कायद्याने बारकाईने ठरवून दिले आहे. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. बाकी राय किंवा गहू, आणि थोडे मोड आणलेले जव. भट्टीतून निघणाऱ्या द्रवात अल्कोहोल ८० टक्क्यांहून जास्त नको, पिंपात भरताना साडेबासष्ट टक्क्यांहून जास्त नको, आणि बाटलीत ४० टक्क्यांहून कमी नको. पिंप ओकच्या लाकडाचे, आतून जाळून काळे केलेले आणि कोरे असले पाहिजे. एकदा वापरलेले पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. लेबलवर 'स्ट्रेट बर्बन' असेल तर ती किमान दोन वर्षे मुरलेली असते, आणि तिच्यात वरून रंग वा स्वाद घालता येत नाही. चार वर्षांहून कमी मुरलेली असेल तर वय छापावेच लागते. आणि छापलेले वय हे बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या थेंबाचे असते, सरासरीचे नव्हे.

हे नियम कुणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आले नाहीत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली व्हिस्की पिंपानेच विकली जाई. मधला व्यापारी त्यात कोरी स्पिरिट ओते आणि रंग-चवीसाठी तंबाखूचे पाणी, आलुबुखाऱ्याचा रस असे काय वाटेल ते घाली. लुईव्हिल शहरात जॉर्ज गार्विन ब्राऊन नावाचा औषधांचा विक्रेता होता. डॉक्टर तेव्हा व्हिस्की औषध म्हणून देत, आणि त्यांना खात्रीचा माल मिळत नसे. १८७० साली त्याने आपली 'ओल्ड फॉरेस्टर' फक्त मोहोरबंद बाटलीतून विकायला सुरुवात केली. पुढे कर्नल एडमंड टेलर आणि अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांच्या खटपटीने १८९७ साली 'बॉटल्ड इन बाँड' कायदा झाला. एका भट्टीची, एका हंगामाची, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची, एवढ्या अटी पाळल्या तरच बाटलीवर ते शब्द येत. अन्नातल्या भेसळीविरुद्धचा अमेरिकेचा मोठा कायदा १९०६ सालचा. म्हणजे अन्नाच्या आधी नऊ वर्षे दारूला शुद्धतेचा शिक्का मिळाला.

आपल्याला यात हसण्यासारखे वाटेल. पण बाटलीत काय आहे हे कळणे हा केवळ चैनीचा प्रश्न नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी गावठी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ती सगळी कष्टकरी घरांतली होती. त्यांच्या हातात पडलेल्या पिशवीवर लेबल नव्हते.

लेबलवरचे खरे आणि नुसते शोभेचे

तर दुकानात बाटली हातात घेतली की काय वाचावे? आधी काय वाचू नये ते सांगतो. 'स्मॉल बॅच' म्हणजे थोडक्या पिंपांचे मिश्रण, असे सुचवणारे शब्द बहुतेक मधल्या किमतीच्या बाटल्यांवर असतात. कायद्यात त्यांची व्याख्याच नाही. वीस पिंपे मिसळली तरी 'स्मॉल' आणि दोनशे मिसळली तरी 'स्मॉल'. 'हातांनी केलेली', 'खास राखीव', 'आजोबांची कृती' यांचेही तेच. आपल्याकडे 'घरगुती चव' लिहिलेल्या मसाल्यावर आपण जेवढा विश्वास ठेवतो, तेवढाच इथेही ठेवावा.

वाचायच्या गोष्टी तीन: वय, अल्कोहोलचे प्रमाण आणि गाळण्याचे ठिकाण. पहिल्या दोन आकड्यांत असतात, म्हणून त्यांत लपवाछपवी कठीण. तिसरी मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. 'अमुक ठिकाणी गाळली' आणि 'अमुक ठिकाणी बाटलीत भरली' यांत देवगडच्या बागेतला हापूस आणि देवगडच्या पेटीत भरलेला कर्नाटकचा आंबा एवढा फरक असू शकतो. माझ्या घरापासून पाऊण तासावर, इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्ग गावी एक अवाढव्य भट्टी आहे. तिथला माल देशभरातल्या कितीतरी कंपन्या विकत घेऊन आपापल्या नावाने भरतात. माल वाईट नसतो, उलट चांगलाच असतो. फक्त तो कुठला ते सांगायला हवे. आयोवा राज्यातल्या 'टेम्पलटन' या राय व्हिस्कीची जाहिरात गावातल्या जुन्या कृतीची म्हणून होत असे. ती गाळलेली मात्र इंडियानात. गिऱ्हाइकांनी दावे लावले. २०१५ साली तडजोड झाली, कंपनीला पैसे परत करावे लागले आणि लेबलही बदलावे लागले.

आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांचा आणखी एक विजय सांगण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'मेकर्स मार्क' कंपनीने मागणी पुरी पडेना म्हणून अल्कोहोलचे प्रमाण ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणायचे जाहीर केले. सरळ भाषेत, पाणी वाढवायचे ठरवले. लोकांनी असा गिल्ला केला की आठवड्याभरात कंपनीने निर्णय मागे घेतला.

एका बाटलीचा हिशेब

उदाहरणादाखल एकच बाटली घेऊ: 'नॉब क्रीक'. हे नाव केंटकीतल्या एका ओढ्याचे. अब्राहम लिंकनचे बालपणीचे शेत त्या ओढ्याकाठी होते. 'जिम बीम' कंपनीच्या बुकर नो यांनी ही व्हिस्की १९९२ साली काढली. हिच्यावर नऊ वर्षे वय छापलेले असते आणि अल्कोहोल ५० टक्के. हा नऊचा आकडा २०१६ साली लेबलवरून गायब झाला होता, कारण मागणी वाढली आणि जुना माल कमी पडला. २०२० साली तो परत आला. याच कंपनीची साधी पांढऱ्या लेबलची 'जिम बीम' चार वर्षांची आणि ४० टक्क्यांची असते. घर एकच, तेव्हा तुलना सोपी.

किमती राज्यागणिक बदलतात. हिशेबासाठी साधी १८ डॉलरला आणि नॉब क्रीक ३६ डॉलरला धरू. दिसायला बरोबर दुप्पट. पण नॉब क्रीकच्या ७५० मिलिलिटरमध्ये ३७५ मिलिलिटर अल्कोहोल आहे, साधीत ३००. नॉब क्रीकमध्ये पाणी घालून ती ४० टक्क्यांवर आणली तर एकाची सव्वा बाटली होते. म्हणजे सारख्या तेजाच्या बाटलीला पडले २८ डॉलर ८० सेंट. फरक अठराचा नाही, पावणेअकराच्या आसपास आहे.

आता हा पावणेअकरा डॉलरचा फरक कशाचा? पाच जादा वर्षांचा. पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. केंटकीत हा वाटा साधारण तीन ते पाच टक्के. चार टक्के धरले तर दोनशे लिटरच्या पिंपात चार वर्षांनी सुमारे १७० लिटर उरतात आणि नऊ वर्षांनी १३९. म्हणजे नुसत्या उडण्यानेच प्रत्येक लिटर बावीस टक्क्यांनी महागला. वर गोदामाचे भाडे, अडकलेल्या भांडवलाचे व्याज, आणि केंटकी सरकार मुरणाऱ्या पिंपांवर दरवर्षी घेत आलेला मालमत्ता कर. हा कर २०४३ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपवायचा कायदा २०२३ साली झाला. हे सगळे धरले तर जादा पैशातला बराचसा भाग खरोखरच काळाचा आहे. नावाचा आणि जाड काचेच्या बाटलीचा थोडाच.

मग नऊपेक्षा अठरा वर्षे दुप्पट चांगली का? नाही. पिंप कोरे असल्याने लाकडाचा अंमल जोरात चढतो. केंटकीच्या उन्हाळ्यात द्रव लाकडात शिरतो, हिवाळ्यात आकसून बाहेर येतो आणि येताना लाकडातले बरेच काही घेऊन येतो. बारा-पंधरा वर्षांपुढे पुष्कळदा चहा जास्त उकळावा तसा कडवटपणा येतो. वयाचा आकडा देशोदेशी सारखाही नसतो. बर्बनची एकदा वापरलेली पिंपे जगभर जातात, तशी गोव्यात कुंकळ्ळीला 'पॉल जॉन' आणि बंगळूरला 'अमृत'कडेही येतात. आपल्या हवेत देवदूतांचा वाटा दहा टक्क्यांच्या घरात जातो. त्यामुळे तिथे पाच-सहा वर्षांत माल पिकतो. कोकणातले लोणचे आणि महाबळेश्वरातले लोणचे एका दिवशी मुरत नाही, तसेच हे.

डोळे न बघता

हिशेब कागदावर जुळला तरी जिभेला फरक कळतो का? कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकच वाइन लोकांना एकदा दहा डॉलरची आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून दिली. नव्वदची म्हटल्यावर ती त्यांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या चित्रणातही आनंदाची खूण जास्त उमटली. म्हणजे किंमत कळली की जीभ निःपक्षपाती राहत नाही.

कोलंबसला नोकरी करणारा माझा भाचा भारतात निघाला होता. बाटली हातात धरून म्हणाला, "मामा, हे नुसते नावाचेच पैसे आहेत ना?" मी म्हटले, "अरे, वाद कशाला? चाखून बघू." माझी पत्नी मद्य घेत नाही; तिच्यावर ओतण्याचे काम सोपवले. पद्धत साधी. आधी नॉब क्रीकच्या चार चमच्यांना एक चमचा पाणी घालून ती ४० टक्क्यांवर आणायची, नाहीतर तेजावरूनच ओळखू येते. मग प्रत्येकापुढे तीन पेले: दोघांत एक, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता ते सांगायचे. प्रत्येक पेल्यात एकच चमचा, आणि चहा चाखणारे करतात तसे तोंडात घोळवून थुंकून टाकायचे. फेऱ्या तीन. नुसत्या अंदाजाने तिन्ही बरोबर येण्याची शक्यता सत्तावीसात एक.

चौघे बसलो होतो. मला आणि एका मित्राला तिन्ही वेळा ओळखता आली, भाच्याला दोनदा, शेजारच्या जोशीबुवांना एकदा. साधीत कोवळा मका आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा वास होता, गोडी चटकन येऊन चटकन गेली. दुसरीत काकवी, व्हॅनिला, किंचित जायफळ, आणि शेवटी सुपारीसारखा लाकडाचा तुरटपणा बराच वेळ रेंगाळला. यात गूढ काही नाही. लाकूड जाळले की त्यातले लिग्निन फुटून व्हॅनिलाचेच द्रव्य तयार होते, आणि लाकडातली साखर खरपूस होते. ते द्रवात उतरायला वर्षे लागतात.

जोशीबुवांचे म्हणणे मात्र मला सगळ्यांत शहाणपणाचे वाटले. ते म्हणाले, "मला फरकच कळत नाही, तर मी दुप्पट कशाला देऊ? मी आपली अठराचीच घेईन."

मग घ्यावी का?

ज्यांना ती कोलात किंवा भरपूर सोडा-बर्फात घालून घ्यायची आहे, त्यांनी मधल्या फळीकडे बघूही नये. काकवी-जायफळाचे जे पैसे मोजले ते कोलाच्या साखरेत बुडतात. ज्यांना नुसती किंवा थेंबभर पाण्याबरोबर, तासभर एकच पेला घेऊन बसायचे आहे, त्यांना वय नऊच्या आसपास, तेज ५० टक्के आणि गाळण्याचे ठिकाण स्पष्ट असलेली तीस-चाळीस डॉलरची बाटली माझ्या मते पैसे वसूल देते. कमी पैशांत हवी असेल तर 'बॉटल्ड इन बाँड' लिहिलेली घ्यावी. त्या शब्दांमागे कायदा उभा आहे. पन्नासच्या वर गेल्यावर मात्र प्रत्येक डॉलरला मिळणारी चव झपाट्याने कमी होत जाते आणि दुर्मिळपणाची किंमत वाढत जाते.

घाई करायचेही कारण नाही. केंटकीच्या गोदामांत २०२५ साली दीड कोटीहून जास्त पिंपे मुरत होती. राज्याची लोकसंख्या पंचेचाळीस लाख. मागणी मंदावल्याने त्याच वर्षी जानेवारीत ब्राऊन-फॉरमन कंपनीने, म्हणजे त्या औषधविक्रेत्या ब्राऊनच्याच कंपनीने, लुईव्हिलमधला आपला पिंपांचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. 'आज नाही घेतली तर मिळणार नाही' असे दुकानदार म्हणाला तर हसून पुढे जावे.

आणि हीच बाटली मुंबईच्या दुकानात दिसली तर? तिथे हिशेब बदलतो. भारताने बर्बनवरचे आयात शुल्क फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० टक्क्यांवरून १०० वर आणले. महाराष्ट्राने आयात मद्यावरचे राज्य उत्पादन शुल्क नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० टक्क्यांवरून १५० वर आणले होते. एवढी सूट मिळूनही अमेरिकेतली मधली फळी आपल्याकडे येईतो वरची होते. त्या पैशांत गोव्याची चांगली सिंगल माल्ट मिळत असेल तर मी तीच घेईन. तिचे पिंपही बहुधा केंटकीतूनच आलेले असते.

शेवटी एक गोष्ट, जी कुठल्याच बाटलीचे लेबल ठळक अक्षरांत सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की मद्याचे कुठलेच प्रमाण प्रकृतीला निर्धोक म्हणता येत नाही. जो घेत नाही त्याने या लेखाच्या नादाने सुरू करावे असे यात काहीही नाही. जो घेतोच, त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने मधल्या फळीचा एक फायदा मात्र आहे. अठराच्या दोन बाटल्यांच्या पैशांत छत्तीसची एकच येते. भाच्याने दोन लिटरची सूट असूनही एकच बाटली नेली, आणि उरलेल्या जागेत आत्याबाईंसाठी बदाम भरले.